नाव तेच, मूळ वेगळं

नेब्रास्का राज्यात पॉनी सिटी नावाचं एक छोटं गाव आहे. १८८० च्या सुमारास तिथे एच. सी. एफ. मेयर हा जर्मन वळणाचा वैदू 'मेयर्स ब्लड प्युरिफायर' नावाची बाटली विकायचा. रक्त शुद्ध करणारं औषध म्हटल्यावर ते कशाकशावर चालायचं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. संधिवात, अर्धशिशी, गळवं, चिघळलेल्या जखमा, अजीर्ण, भोवळ, दुखरे डोळे आणि सर्वात शेवटी साप. साप म्हणजे साधा नव्हे, मैदानावरचा शेपटी खुळखुळवणारा रॅटलस्नेक.

मेयर इतर फेरीवाल्या वैदूंसारखाच असता तर त्याचं नाव आज कुणाला आठवलं नसतं. पण त्याला आपल्या औषधाला शहरातल्या शहाण्यांची मान्यता हवी होती. त्यानं सिनसिनाटीला दोघांना पत्रं लिहिली. एक डॉ. जॉन किंग, वनस्पतिजन्य औषधांवर भर देणाऱ्या 'एक्लेक्टिक' पंथाचे नामांकित डॉक्टर, आणि दुसरे जॉन उरी लॉइड, औषधनिर्माते, पुढे कादंबरीकार म्हणूनही गाजलेले. दोघांनीही ती पत्रं मनावर घेतली नाहीत. तेव्हा मेयरनं आपला हुकमी एक्का काढला. तुम्ही निवडाल तो रॅटलस्नेक आणा, तुमच्यासमोर मी त्याला चावू देतो आणि माझ्याच औषधानं बरा होऊन दाखवतो, असं त्यानं कळवलं. सिनसिनाटीकरांनी ही ऑफर नम्रपणे नाकारली. मात्र ज्या झाडाच्या मुळापासून औषध करता ते झाड पाठवा, असं त्यांनी लिहिलं, कारण मेयरला त्याचं शास्त्रीय नावही ठाऊक नव्हतं. रोप आलं, ओळखलं गेलं: एकिनेशिया अँगुस्टिफोलिया, अरुंद पानांची. १८८७ साली किंग यांनी त्यावर लेख लिहिला. लॉइड बंधूंनी त्यापासून स्वतःची औषधं काढली. विसाव्या शतकाची पहिली दोन दशकं सरेपर्यंत एक्लेक्टिक डॉक्टरांच्या पेटीत एकिनेशिया नाही असं होत नव्हतं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनला यातलं काहीच पटत नव्हतं. १९०९ मध्ये तिच्या नियतकालिकानं या औषधाला निरुपयोगी ठरवून टाकलं. तरीही १९१६ साली 'नॅशनल फॉर्म्युलरी'त त्याचा समावेश झाला आणि १९५० पर्यंत ते तिथे टिकलं. तोवर प्रतिजैविकं आली होती, सिनसिनाटीचं एक्लेक्टिक कॉलेज १९३९ मध्येच बंद पडलं होतं आणि रक्तशुद्धीच्या बाटल्या कुणालाच नको होत्या.

मेयरच्या गोष्टीत एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. त्याच्या गावाला ज्यांचं नाव आहे ते पॉनी लोक १८७५ पर्यंत तिथून ओक्लाहोमाकडे हलवले गेले होते. म्हणजे झाड तिथेच राहिलं, त्याची माहिती असणारी माणसं गेली, आणि मागे राहिलेल्या माणसानं पेटंट औषधाची बाटली काढली. पॉनी, ओमाहा, डकोटा, लकोटा, शायेन अशा मैदानी लोकांना हे मूळ मेयरच्या कितीतरी पिढ्या आधीपासून माहीत होतं. मेल्विन गिलमोर हा अभ्यासक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिसुरी नदीच्या खोऱ्यात या लोकांकडे बसून वनस्पतींची माहिती टिपत होता. १९१९ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात नोंद आहे की इतक्या दुखण्यांवर वापरलं जाणारं दुसरं झाड त्या प्रदेशात नाही. सर्पदंश, विंचूकाटा, दाढदुखी, सुजलेल्या गाठी, भाजणं. घोडा आजारी पडला तर त्यालाही हेच. झाडाच्या वाळलेल्या काटेरी बोंडानं केसही विंचरत.

गिलमोरची एक नोंद मला फार आवडते. विनेबागो जमातीच्या एका माणसानं त्याला सांगितलं की हे मूळ चघळलं की तोंड इतकं बधिर होतं की लोकांना चमत्कार दाखवायला तोंडात जळता निखारा घेता येतो. म्हणजे औषध आणि जादूचा प्रयोग एकाच मुळातून.

हे बधिर होणं खरं आहे, आणि ते कळायला निखारा लागत नाही. मुळाच्या अर्काचे चार थेंब जिभेवर टाका. आधी मातकट, जरा गोडसर चव लागते. मग जिभेचं टोक चुरचुरतं, लाळ सुटते आणि थोड्या वेळानं ओठ आपले नाहीतच असं वाटू लागतं. ही करामत अल्कामाइड नावाच्या द्रव्यांची. कोकणात नाहीतर मावळात वाढलेल्यांना ती ओळखीची वाटेल, कारण ओल्या बांधावर उगवणाऱ्या अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड दाढेखाली धरलं की हेच होतं. अक्कलकाऱ्यातलं स्पायलँथॉलही अल्कामाइडच, आणि दोन्ही झाडं सूर्यफुलाच्याच कुळातली. दोन खंडांतल्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी ठणकणाऱ्या दाढेवर जवळजवळ एकच रसायन शोधून काढलं, याचं मला मेयरच्या सापापेक्षा जास्त आश्चर्य वाटतं.

यानंतर गोष्ट जर्मनीला जाते आणि तिथे तिला जे वळण लागतं त्यातून आजचा सगळा घोळ सुरू होतो.

गेरहार्ड माडाउस हे जर्मन औषध कंपनीचे मालक १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेला गेले. युरोपात या औषधाला मागणी होती, पण कच्चा माल अमेरिकेतून यायचा आणि त्याचा भरवसा नसायचा. स्वतःच लागवड करावी म्हणून त्यांनी तिथून अँगुस्टिफोलियाचं बी आणलं. जर्मनीत ते रुजलं, फुललं, आणि तेव्हा कळलं की हे अरुंद पानांचं झाड नाहीच. ही त्याची रुंद पानांची बहीण, एकिनेशिया पर्पुरिया, जिला बागवाले जांभळं कोनफ्लॉवर म्हणतात. मैदानाच्या कोरड्या पश्चिम भागात वाढणाऱ्या अँगुस्टिफोलियाला खोल सोटमूळ असतं आणि ते तयार व्हायला वर्षं लागतात. पर्पुरिया ही पूर्वेकडच्या ओलसर, रानाच्या कडेच्या जागांची. तिची मुळं झुपकेदार, आणि ती दुसऱ्या वर्षी फुलून मोकळी होते. शेतकऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर माडाउस यांना लॉटरीच लागली. त्यांनी हाती आलेलं झाड स्वीकारलं आणि मुळाचा अर्क काढण्याऐवजी फुलावर आलेल्या ताज्या झाडाचा वरचा भाग पिळून रस काढला. त्या रसाचं 'एकिनासिन' नावाचं औषध झालं. पुढे जर्मन प्रयोगशाळांनी दशकानुदशकं जे तपासलं ते प्रामुख्यानं हेच.

म्हणजे झाड बदललं, भाग बदलला, औषध करायची रीत बदलली. आणि दुखणंही बदललं. मैदानावर हे सर्पदंशाचं, दाढेचं, भाजल्याचं औषध होतं. जर्मनीत ते सर्दीचं आणि 'प्रतिकारशक्ती'चं झालं. बदललं नाही ते फक्त बाटलीवरचं एकिनेशिया हे नाव.

जर्मन सरकारनं वनौषधींची छाननी करायला 'कमिशन ई' नेमलं होतं. त्याचा निकाल वाचताना मला हसू आवरलं नाही. पर्पुरियाच्या हिरव्या भागाचा रस: मंजूर, सर्दीत पूरक म्हणून, सलग आठ आठवड्यांपेक्षा जास्त नको. पॅलिडा नावाच्या तिसऱ्या बहिणीचं मूळ: मंजूर. अँगुस्टिफोलियाचं मूळ, म्हणजे ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते: नामंजूर, कारण त्याच्या बाजूनं पुरेसा पुरावा नाही. पुरावा नाही, कारण कुणी पुरेसं तपासलं नाही. तपासलं नाही, कारण माडाउस यांच्या पिशवीत बी दुसरंच होतं.

पुण्या-मुंबईत होमिओपॅथीच्या दुकानात जाऊन 'एकिनेशिया क्यू' मागितलंत तर मात्र बाटलीवर अँगुस्टिफोलियाच लिहिलेलं असतं, आणि डॉक्टर ते गळवांवर, 'रक्तदोषा'वर देतात. अमेरिकेत आणि युरोपात विरून गेलेली मेयरची मूळ कल्पना आपल्याकडे आजही तग धरून आहे.

मग सर्दीला याचा उपयोग होतो की नाही? या प्रश्नावर जेवढा पैसा आणि जेवढी नाकं खर्ची पडली आहेत तेवढी फार थोड्या वनौषधींच्या वाट्याला आली असतील. नाकं म्हणतो ते शब्दशः. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉनल्ड टर्नर यांच्या प्रयोगात ४३७ स्वयंसेवक होते. त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला आणि अँगुस्टिफोलियाच्या मुळाचे तीन वेगवेगळे अर्क देऊन पाहिले. २००५ मध्ये निकाल छापून आला: काही फरक नाही. वनौषधीवाल्यांनी लगेच हरकत घेतली की मात्राच कमी होती. त्याआधी २००३ मध्ये दोन ते अकरा वर्षांच्या ४०७ मुलांना पर्पुरियाचा रस देऊन झाला होता. सर्दी लवकर बरी झाली नाही, उलट अंगावर पुरळ उठण्याचं प्रमाण मात्र वाढलं: रस घेणाऱ्यांत ७.१ टक्के, नुसतं गोड पाणी घेणाऱ्यांत २.७ टक्के. २०१२ साली ब्रिटनच्या औषध नियामकांनी बारा वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका असं सांगितलं. ज्यांना रॅगवीडची किंवा शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी आहे त्यांनीही यापासून लांब राहिलेलं बरं. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत आणि क्षयात 'कमिशन ई'नंही ते वर्ज्य सांगितलं होतं.

दुसऱ्या बाजूला २००७ चा एक आढावा आहे. त्यात चौदा अभ्यास एकत्र करून सर्दी होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त घटते आणि ती दीडेक दिवस आधी बरी होते असं म्हटलं होतं. वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २४ अभ्यास आणि ४,६३१ माणसं तपासून जे म्हटलं ते बरंच सावध आहे: झालेली सर्दी बरी करण्यात स्पष्ट फायदा दिसत नाही, होऊ नये म्हणून घेतल्यास थोडासा फायदा असू शकेल. त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. या २४ अभ्यासांत औषध एक नव्हतंच. कुठे पर्पुरियाचा रस, कुठे अँगुस्टिफोलियाचं मूळ, कुठे दोन्हींची भुकटी, कुठे अल्कोहोलमधला अर्क. बेरीज कशाची करायची?

माझ्या मते या सगळ्यात वाचण्यासारखा प्रयोग एकच आहे, आणि तो एकिनेशियापेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ब्रूस बॅरेट यांनी सर्दी झालेल्या ७१९ लोकांचे चार गट केले. एकाला काहीच दिलं नाही. दुसऱ्याला खोटी गोळी दिली, तिसऱ्याला खरी, पण या दोघांनाही आपली कुठली ते ठाऊक नव्हतं. चौथ्याला सांगूनसवरून एकिनेशिया दिलं. २०१० साली मुख्य निकाल आला: खऱ्या गोळीनं दुखणं सात ते दहा तासांनी कमी झालं असेल, पण तो योगायोगही असू शकतो. मग त्यांनी आधी विचारून ठेवलेला एक प्रश्न बाहेर काढला. एकिनेशियावर तुमचा विश्वास किती? ज्यांचा बऱ्यापैकी विश्वास होता त्यांच्यात खोटी गोळी घेणारे, गोळीच न मिळालेल्यांपेक्षा सुमारे अडीच दिवस आधी बरे झाले होते. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत आणि नाही घेतलं तर आठवड्यात बरी होते असं आपण म्हणतो. त्यात हे अडीच दिवस कुठे बसवायचे ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

मागणी वाढली की भेसळ येतेच. एकिनेशियाच्या मुळात अमेरिकेत वर्षानुवर्षं जी भेसळ झाली ती पार्थेनियम इंटेग्रिफोलियम नावाच्या झाडाच्या मुळाची. हे नाव ऐकून पुणेकरांनी कान टवकारायला हवेत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलेलं आणि पुढे देशभर माजलेलं गाजरगवत, ज्याला कुणी काँग्रेस गवत म्हणतं, ते पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ही दोघं सख्खी भावंडं. जर्मनीत एकेकाळी जे रासायनिक अभ्यास एकिनेशियाचे म्हणून छापले गेले त्यांतले काही प्रत्यक्षात या पार्थेनियमच्या मुळाचे निघाले.

भेसळ न करता खरं मूळ मिळवायचं तर मैदानावर जाऊन खणावं लागतं. कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात शंभर वर्षांहून जास्त काळ हे काम चालत आलं आहे. उन्हाळ्यात हाताला काम नसलेली माणसं अणकुचीदार कुदळ घेऊन कुरणात उतरतात, पोत्यात मुळं भरतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याला वजनावर विकतात. तिथे या मुळाला 'ब्लॅक सॅम्पसन' म्हणतात. कॅन्सस विद्यापीठातल्या केली किंडशर यांनी खणलेल्या जागा वर्षानुवर्षं तपासल्या. त्यांना दिसलं की सोटमूळ वरून तोडलं तरी खाली उरलेल्या तुकड्यातून जवळपास निम्मी झाडं पुन्हा फुटतात. जुने खणणारे हे जाणून असत. मोठं झाड काढायचं, लहान ठेवायचं, बी झटकून तिथेच टाकायचं.

१९९४ साली अमेरिकेत पूरक आहाराचा नवा कायदा आला, वनौषधींच्या बाटल्यांची विक्री भडकली आणि मुळाचा भाव चढला. मग ज्यांना हे कुरण पुन्हा पाहायचं नव्हतं असे लोकही खणायला आले. माँटाना आणि नॉर्थ डकोटा या राज्यांना १९९९ मध्ये कायदे करून आवर घालावा लागला. पर्पुरिया मात्र या लुटीतून बचावली, कारण ती शेतात सहज पिकते. माडाउस यांच्या चुकीच्या बियाण्याचं हे एक पुण्य.

आता बागेत जाऊ. औषधाची बाटली कधीही न उघडणाऱ्या लाखो लोकांना हे झाड अंगणातलं फूल म्हणूनच माहीत आहे, आणि तिथे त्याचं वागणं बरंच सरळ आहे.

जुलैच्या मध्यावर शिकागोच्या मिलेनियम पार्कमधल्या ल्यूरी गार्डनला जावं. डच बागकार पीट आउडॉल्फ यांनी जिची लागवड आखली ती ही बाग २००४ पासून भूमिगत पार्किंगच्या छपरावर उभी आहे. तिथे कंबरेएवढ्या उंचीची कोनफ्लॉवरं दाटीनं फुललेली असतात. एका फुलापाशी वाकून पाहा. आपण जिला फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा मेळा असतो. बाहेरच्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्या वांझ, फक्त पाहुण्यांना बोलावण्यासाठी. मधला उंचवटा नारिंगी टोकांच्या ताठ काट्यांनी भरलेला, तळहात दाबला तर चांगलाच टोचतो. या काट्यांच्या आड खरी फुलं बसलेली असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. सर्वात खालची ओळ आधी, दुसऱ्या दिवशी तिच्या वरची, असं करत पिवळ्या परागांचं एक कडं हळूहळू शेंड्याकडे चढत जातं. पराग देऊन झाले की त्याच फुलातून दुसऱ्या दिवशी दोन टोकांची कुक्षी बाहेर येते. भुंगे हे सगळं जाणल्यासारखे नेमके त्या कड्यावरून गोल फिरतात, माथ्यावर जात नाहीत.

लावायला हे झाड अवघड नाही, अट एकच: हिवाळा खराखुरा हवा. बियांना थंडीत ओलसर राहायला मिळालं की त्या नीट रुजतात. म्हणून इथले, शिकागोकडचे लोक नोव्हेंबरात बी फेकून मोकळे होतात आणि पुढचं काम बर्फावर सोडतात. ऊन सहा तास, पाण्याचा निचरा बरा, खत जवळजवळ नको. खत जास्त झालं की देठ लांबतात आणि पहिल्या पावसात आडवे होतात. एक रोग मात्र ओळखून ठेवावा. बोंडातून फुलाऐवजी हिरव्या पानांचे वेडेवाकडे झुपके फुटू लागले तर तो 'ॲस्टर यलोज'. तुडतुडे तो पसरवतात. त्याला औषध नाही, झाड मुळासकट उपटून कचऱ्यात.

बागवाल्यांनाही झाड आहे तसं पुरलं नाही. स्वीडनमधले रोपवाटिकावाले माग्नुस निल्सन यांना खाली झुकणाऱ्या पाकळ्या खटकत होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं निवड करून आडव्या पाकळ्यांचं 'माग्नुस' तयार केलं आणि १९९८ साली त्याला अमेरिकेत 'वर्षाचं बहुवर्षायू झाड' हा मान मिळाला. इथवर ठीक होतं. मग शिकागो बोटॅनिक गार्डनच्या जिम ऑल्ट यांनी पर्पुरियाचा ओझार्क डोंगरातल्या पिवळ्या पॅराडॉक्साशी संकर करून पहिलं नारिंगी कोनफ्लॉवर काढलं, आणि बांध फुटला. आता आंबा, टोमॅटो, लिंबू, गाजर, वाटेल त्या रंगाचं मिळतं. दुहेरी पाकळ्यांची तर लाटच आली, ज्यांत मधल्या काटेरी उंचवट्याच्या जागी गोंड्यासारखा गच्च चेंडू असतो. दिसायला झेंडूच. पण त्या चेंडूत भुंग्याला पराग सापडत नाही, मध सापडत नाही आणि हिवाळ्यात पक्ष्यांना बी मिळत नाही. डेलावेअरमधल्या माउंट क्युबा सेंटरनं अनेक वाण शेजारी शेजारी लावून त्यांवर येणारे कीटक मोजले, तेव्हा दुहेरी फुलांकडे कीटक फारसे फिरकतच नाहीत असं दिसलं. शिवाय यातली बरीच महागडी रोपं दोन हिवाळेही काढत नाहीत. माझं मत विचाराल तर मी पैसे देऊन साधी जांभळी पर्पुरियाच घेईन, तीही बियांवरून वाढवलेली.

इथल्या मराठी घरांच्या अंगणात तिचं चांगलं बस्तान बसलं आहे. शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहणाऱ्या ओळखीच्या काकूंनी पुढच्या लॉनचा एक पट्टा उकरून तिथे कोनफ्लॉवर आणि उंच गवत लावलं. शेजाऱ्यानं तक्रार केली आणि तण माजल्याची नोटीस आली. काकू नोटीस घेऊनच कचेरीत गेल्या. "मी त्यांना सांगितलं, तण तुमच्या घरी. माझ्या गणपतीला इथली हीच फुलं असतात," असं म्हणून त्यांनी मला फ्रीजवर चिकटवलेली ती नोटीस दाखवली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दूर्वा मात्र त्याच्याच लॉनमधल्या आणते हो." २०२४ साली इलिनॉय राज्यानं कायदाच केला, त्यामुळे सोसायट्यांना आता देशी झाडं लावायला सरसकट बंदी घालता येत नाही.

काकू ऑक्टोबरात वाळलेली बोंडं कापत नाहीत, कारण थंडी पडली की गोल्डफिंच पक्षी येऊन त्यांवर उलटसुलट लटकतात आणि एकेक काटा बाजूला सारून बी काढतात. ते करताना ते बरंचसं बी सांडतात आणि पुढच्या वर्षी रोपं शेजाऱ्याच्या लॉनमध्ये उगवतात. काकू त्याला न्याय म्हणतात.

ही बागेतली पर्पुरिया सुखात आहे. ज्यांना बागेची सवय नाही अशा तिच्या बहिणींचं काय चाललंय?

टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळ चुनखडीच्या उघड्या खडकांवर एक जात वाढते, एकिनेशिया टेनेसीएन्सिस. तिच्या पाकळ्या वर वळलेल्या असतात आणि फुलं बहुतेक पूर्वेकडे तोंड करतात. ती संपली असंच समजलं जात होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एल्सी क्वार्टरमन यांना ती पुन्हा सापडली. १९७९ मध्ये तिची नोंद केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत झाली, जागा विकत घेतल्या गेल्या, नवी रोपं लावली गेली आणि २०११ मध्ये ती यादीतून बाहेर पडली. क्वार्टरमन तेव्हा शंभरी ओलांडलेल्या होत्या. आज रोपवाटिकेत 'टेनेसी कोनफ्लॉवर' मागितलं की बहुधा 'रॉकी टॉप' हाती पडतं, आणि तो संकर आहे.

मेयरच्या अँगुस्टिफोलियाचं दुखणं आणखी खोल आहे. १८३७ साली इलिनॉयमध्येच जॉन डिअर यानं पोलादी नांगर केला. गवताच्या मुळांनी विणलेली जी काळी जमीन लाकडी आणि बिडाच्या नांगराला दाद देत नव्हती ती लोण्यासारखी कापली गेली. या राज्यात एकेकाळी सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरी होती. त्यातली अस्सल, न नांगरलेली उरली ती टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढी: रेल्वे रुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, नांगर वळवता येत नाही अशा कोपऱ्यांत. मिनेसोटातही हीच तऱ्हा. तिथे स्टुअर्ट वॅगेनियस यांनी १९९० च्या दशकात अशा तुकड्यांवरची अँगुस्टिफोलियाची झाडं मोजायला सुरुवात केली आणि 'एकिनेशिया प्रोजेक्ट' आजही चालू आहे. दर उन्हाळ्यात विद्यार्थी रस्त्याकडेच्या गवतात गुडघे टेकून एकेका झाडाला क्रमांकाची पट्टी लावतात.

ते काय मोजतात ते ऐकण्यासारखं आहे. हे झाड स्वतःच्या परागानं फळत नाही, जवळच्या नातलगाच्याही नाही. कुक्षीला योग्य झाडाचे पराग मिळाले की ती दिवसभरात सुकून आत जाते. न मिळाले तर ती तशीच उभी राहते, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. त्यामुळे एखाद्या बोंडावर किती ओळींच्या कुक्ष्या अजून ताठ आहेत एवढं पाहिलं तरी त्या झाडाला जोडीदार मिळाले की नाही हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येतं. लहान तुकड्यांवरच्या बोंडांत ताठ कुक्ष्या भरपूर असतात. भुंगे येत नाहीत म्हणून असं होतं, असं आधी वाटलं होतं. पण भुंगे येतात. ते पराग आणतात तेही त्याच चार-दोन भावंडांचे, म्हणून उपयोग होत नाही.

यावर उतारा काय? आग. १९९६ ते २०१६ अशी एकवीस वर्षं नोंदी ठेवल्यावर वॅगेनियस आणि सहकाऱ्यांना दिसलं की ज्या वसंतात कुरण जाळलं जातं त्यानंतरच्या उन्हाळ्यात कितीतरी जास्त झाडं फुलतात आणि तीही एकाच वेळी. एरवी एक यंदा फुलतं, दुसरं तीन वर्षांनी. आगीनंतर सगळी एकत्र येतात, लांबचा जोडीदार त्याच आठवड्यात सापडतो आणि बी धरतं. २०२० साली हा शोधनिबंध छापून आला. मैदानावरचे लोक गवत जाळत असत ही गोष्ट इतिहासकारांना ठाऊकच होती. त्यांना हटवल्यावर जाळणंही थांबलं. आता मिनेसोटात एप्रिल-मेमध्ये, वाऱ्याचा अंदाज घेऊन, अग्निशमनाचे पिवळे कोट घातलेले स्वयंसेवक ठिबकणाऱ्या मशाली घेऊन कुरणाच्या कडेनं चालतात. जुलैत पुन्हा तिथेच येऊन ताठ कुक्ष्या मोजतात.